खाडीचा गाळ आणि ताटातला मासा: मिथाइलमर्क्युरीची पायरीपायरीने ओळख

ऐरोली, विटावा, कळवा किंवा बेलापूरला नव्याने घर घेतलेली कुटुंबे पहिल्या वर्षभरात एक प्रश्न हमखास विचारतात. ठाणे खाडीच्या काठच्या कोळणीकडचा मासा घ्यावा की घेऊ नये? मी ठाण्यात बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वळवला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोनच उत्तरे असतात: एक तर ‘काही होत नाही’, नाही तर ‘खाडीतले सगळेच विष’. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि घरात गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल तर ही चूक महागात पडू शकते. माशातल्या पाऱ्याचा हा विषय ज्यांना अगदी नवा आहे त्यांनी तो कोणत्या क्रमाने समजून घ्यावा आणि प्रत्येक टप्प्यावर घरी काय करावे, ते येथे सांगत आहे.

पहिली पायरी: कोणत्या पाऱ्याबद्दल बोलतो आहोत ते ठरवा

‘पारा’ हा एकच शब्द आपण निदान तीन वेगळ्या पदार्थांसाठी वापरतो आणि निम्मा गोंधळ तेथेच होतो. थर्मामीटरमधला चकचकीत, द्रवरूप पारा चुकून गिळला गेला तर त्याचा जेमतेम दहा हजारावा हिस्सा, किंवा त्याहूनही कमी, आतड्यातून रक्तात जातो. बाकीचा तसाच बाहेर पडतो. त्याच पाऱ्याची वाफ श्वासावाटे गेली, तर मात्र तिच्यातला सुमारे 80 टक्के पारा शरीरात राहतो. दुसरा प्रकार पाऱ्याच्या क्षारांचा. काही बेकायदा गोरेपणाच्या क्रीममध्ये ते सापडतात आणि ते मुख्यतः मूत्रपिंडांना इजा करतात. तिसरा प्रकार म्हणजे मिथाइलमर्क्युरी: पाऱ्याच्या अणूला कार्बन आणि हायड्रोजनचा एक छोटा गट जोडला गेला की तयार होणारे संयुग. खाल्लेल्या मिथाइलमर्क्युरीपैकी सुमारे 95 टक्के शरीर शोषून घेते. शरीरातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाशी जोडले गेल्यावर ते मेथिओनिन या दुसऱ्या, शरीराला हव्या असलेल्या अमिनो आम्लासारखे दिसू लागते. त्यामुळे मेंदूचे रक्षण करणारा अडसर आणि गर्भाशयातली वार या दोन्ही ठिकाणी त्याला अडवण्याऐवजी आत घेतले जाते.

या लेखात पुढे जे काही आहे, ते प्रामुख्याने या तिसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

दुसरी पायरी: ते तयार कोठे होते ते पाहा

हे संयुग माणसाने डब्यात भरून खाडीत ओतायला लागत नाही. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून खाली जो काळा, गुळगुळीत चिखल दिसतो आणि ज्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्यात वरचा बोटभर थर सोडला तर प्राणवायू जवळपास नसतो. अशा ठिकाणी काही जिवाणू प्राणवायूऐवजी समुद्राच्या पाण्यातले सल्फेट वापरून जगतात. तो वास त्यांच्याच कामाचा असतो. यांपैकी काही जिवाणूंच्या अंगी पाऱ्याला मिथाइल गट जोडण्याची क्षमता असते. त्यासाठी लागणारी ‘एचजीसीए’ आणि ‘एचजीसीबी’ ही दोन जनुके 2013 मध्ये ओळखली गेली. भरपूर सेंद्रिय पदार्थ, खारे पाणी, उथळ गाळ आणि उष्ण हवा ही सगळी परिस्थिती आपल्या खाडीत आयती आहे. कमी असतो तो फक्त पारा.

तो कोठून येतो? दगडी कोळसा जाळताना त्यातला पारा वाफेच्या रूपाने हवेत जातो आणि पावसाबरोबर खाली येतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार 2015 साली जगभरात मानवी व्यवहारांतून सुमारे 2,220 टन पारा हवेत गेला. त्यात सर्वांत मोठा वाटा छोट्या प्रमाणावरील सोन्याच्या खाणींचा आणि त्याखालोखाल कोळशाच्या ज्वलनाचा होता. ठाणे-बेलापूर पट्टा आणि उल्हास नदीचा काठ यांना यापेक्षा जवळचा इतिहास आहे. कॉस्टिक सोडा तयार करण्याची जुनी पद्धत पाऱ्याच्या विद्युतघटावर चालत असे आणि तिच्या सांडपाण्यातून पारा बाहेर पडत असे. उल्हासच्या मुखाकडील गाळात वाढलेला पारा संशोधकांनी नोंदवलेला आहे. ही पद्धत आता भारतात मागे पडली आणि तिची जागा पाऱ्याऐवजी पडदा वापरणाऱ्या घटांनी घेतली, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र पारा हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही. गाळात पुरलेला जुना पारा उपसा, भराव किंवा खारफुटीची तोड यामुळे पुन्हा वर येऊ शकतो. म्हणून तिवरांची झाडे गाळ धरून ठेवतात याचे मोल येथे राहणाऱ्याने नीट ओळखले पाहिजे. खारफुटीच्या गाळात मिथाइलमर्क्युरी तयार होते, हे कारण पुढे करून खारफुटी तोडावी असे कोणी म्हणू लागले, तर तो शास्त्राचा उलटा अर्थ झाला.

तिसरी पायरी: माशाचे वय आणि त्याचा आहार विचारात घ्या

पाण्यात मिथाइलमर्क्युरीचे प्रमाण इतके कमी असते की ते पाणी चुकून गिळल्याने कोणाला बाधा होणार नाही. सूक्ष्म वनस्पती ते पाण्यातून उचलतात, त्यांना बारीक प्राणी आणि कोळंबीची पिल्ले खातात, त्यांना लहान मासे, लहान माशांना मोठे मासे. प्रत्येक टप्प्यावर ते वाढत जाते, कारण शरीर ते फार सावकाश बाहेर टाकते. साखळीच्या टोकाला असलेल्या माशातले प्रमाण पाण्यातल्या प्रमाणाच्या दहा लाख पटींहूनही अधिक असू शकते. यातून मासा पारखण्याचे दोनच नियम निघतात: दुसऱ्या माशांना खाऊन जगणाऱ्या माशात पारा जास्त असतो, आणि त्याच जातीच्या लहान माशापेक्षा मोठ्या, वयस्कर माशात जास्त असतो.

माझ्या मते नवख्या माणसाने पाठ करायचे ते एवढेच आहे. तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी, मुडदुशी हे लहान किंवा कमी आयुष्याचे जीव खालच्या पायऱ्यांवर बसतात. मुशी म्हणजे शार्क, मोठा कुपा, तलवार मासा आणि मोठी सुरमई हे वरच्या पायऱ्यांवर. खाडीतला भला मोठा जिताडा किंवा शिंगाळा हाही शिकारीच आहे आणि त्यातही खाडीच्या गाळाशी जवळीक असलेला.

येथे एका गैरसमजाची दखल घेते. अमेरिकेच्या सरकारी सूचनांमध्ये गर्भवती स्त्रियांनी पूर्ण टाळण्याच्या माशांत ‘किंग मॅकरेल’चे नाव आहे आणि आपल्याकडे सुरमईलाही तेच इंग्रजी नाव चिकटलेले आहे. तो अटलांटिकमधला मासा वेगळ्या जातीचा आहे, आपली सुरमई त्याची चुलत बहीण म्हणता येईल. म्हणून सुरमई वर्ज्य ठरत नाही. तरीही ती शिकारी आहे हे खरे, तेव्हा हातभर लांबीच्या सुरमईचे काप रोज ताटात नकोत.

चौथी पायरी: मिनामाता समजून घ्या

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता या गावाची गोष्ट हा विषय शिकणाऱ्या प्रत्येकाने एकदा शांतपणे वाचायलाच हवी. तेथील चिस्सो कंपनीचा कारखाना 1932 पासून ॲसिटाल्डिहाइड हे औद्योगिक रसायन तयार करत होता. त्यासाठी पाऱ्याचे क्षार वापरले जात आणि कारखान्याच्या आतच उपपदार्थ म्हणून मिथाइलमर्क्युरी तयार होऊन थेट उपसागरात सोडले जात असे. आपल्या खाडीतली गोष्ट आणि ही गोष्ट यांतला फरक येथेच लक्षात ठेवावा: तेथे तयार विष ओतले जात होते. आपल्याकडे जिवाणू हळूहळू थोडे थोडे तयार करतात. दोन्हींचे प्रमाण सारखे मानणे चुकीचे ठरेल.

आधी कळले ते मांजरांना. मासे खाणारी मांजरे वेडीवाकडी नाचू लागली, अंगाला झटके येऊन समुद्रात पडू लागली. कावळे उडता उडता खाली कोसळत. मग लहान मुलांना चालता येईना, बोलता येईना, आणि 1 मे 1956 रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांच्याकडून मज्जासंस्थेच्या अज्ञात आजाराची नोंद सरकारी यंत्रणेकडे गेली. त्याच होसोकावांनी 1959 मध्ये कारखान्याचे सांडपाणी मांजराच्या अन्नात मिसळून पाहिले. क्रमांक 400 च्या मांजराला तेच झटके आले. कंपनीने तो निष्कर्ष दाबून ठेवला आणि विसर्ग 1968 पर्यंत चालू राहिला. दरम्यान 1965 मध्ये नीगाता येथे दुसऱ्या कारखान्यामुळे तोच आजार पुन्हा उद्भवला.

लक्षणांचा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सुरुवात ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येण्याने होते. नंतर तोल जाणे, जीभ जड होणे, ऐकू कमी येणे, आणि दृष्टीचा परीघ आक्रसून नळीतून पाहिल्यासारखे दिसणे. सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. काही मातांना सौम्य लक्षणे होती किंवा काहीच नव्हती, तरी त्यांची बाळे मेंदूच्या तीव्र इजेसह जन्मली. वारेतून मिथाइलमर्क्युरी गर्भाकडे ओढले जाते आणि नाळेच्या रक्तातले त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा सरासरी दीडपटीहून अधिक असते. ‘आईला काही झाले नाही, म्हणजे बाळही ठीक’ हा आपला नेहमीचा अंदाज या एका विषाच्या बाबतीत चालत नाही.

पाचवी पायरी: खाडीतल्या पक्ष्यांकडे याच नजरेने पाहा

ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 2022 मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. प्रत्येक जण विचारतो तो फ्लेमिंगोंबद्दल. परंतु शेवाळ आणि बारीक जीव गाळून खाणारा पक्षी अन्नसाखळीच्या खालच्या भागात असतो. पाऱ्याच्या दृष्टीने मला अधिक काळजी वाटते ती पाणकावळा, खंड्या, बगळे आणि घारी यांची, कारण ते मासे खातात. पक्षी पाऱ्याचा काही भाग नव्या पिसांत आणि मादी काही भाग अंड्यांत ढकलते. त्यामुळे गळून पडलेल्या पिसाची तपासणी करून पक्ष्याला न दुखवता प्रदूषण मोजता येते.

मरण्याइतके विष नसले तरी नुकसान होते, हे फ्लोरिडातील पांढऱ्या आयबिसवरच्या प्रयोगात दिसले. आपल्याकडच्या शराटीचा तो नातलग. त्यांच्या अन्नात 0.05 ते 0.3 पीपीएम (म्हणजे किलोमागे तितके मिलिग्रॅम) इतकेच मिथाइलमर्क्युरी घातले होते. पक्षी धडधाकट दिसत होते, पण नर माद्यांकडे दुर्लक्ष करून आपापसांत जोड्या जमवू लागले आणि पिल्लांची संख्या घटली. 2010 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एखाद्या खाडीतले पक्षी मेलेले दिसत नाहीत म्हणून सारे आलबेल आहे असे म्हणणाऱ्याला हा प्रयोग दाखवावा. झटके येणारा किंवा उडता न येणारा पक्षी दिसला, तर त्याला हाताळू नका. वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर कळवा.

सहावी पायरी: घरातल्या माणसानुसार मासा निवडा

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात दिवाळे बंदरावरच्या मावशींनी दोन वीतभर मुशी पाटीत ठेवल्या आणि म्हणाल्या, ‘घेऊन जा ताई, बाळंतिणीला दूध चांगलं येतं.’ किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत हा समज पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तो आपुलकीतून आलेला आहे, म्हणून मी त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकत नाही. मी त्यांना एवढेच विचारले की मोठी मुशी कापून देता का? त्या म्हणाल्या, ‘नाही हो, बाळंतिणीला पिल्लंच.’ परंपरेतला हा बारकावा पाऱ्याच्या हिशेबातही बरोबर बसतो, कारण पिल्लात मोठ्या शार्कपेक्षा पारा कमी असतो. तरीही मी त्या दिवशी मुडदुशी आणि कोळंबी घेतली. अंगावरच्या दुधातून मिथाइलमर्क्युरी फार थोडे उतरते आणि स्तनपान चालूच ठेवायचे असते. खरी जपणूक गर्भारपणात आणि त्याच्या आधीचे काही महिने करायची. रक्तातले मिथाइलमर्क्युरी निम्मे होण्यास सुमारे 50 दिवस लागतात. म्हणजे वरच्या पायरीचे मासे थांबवल्यावर सहा महिन्यांत ते दहाव्या हिश्शाच्या आसपास येते. मूल हवे असे ठरले की तेव्हाच ही काळजी सुरू करावी.

हिशेब करून पाहायचा असेल तर तो सोपा आहे. अन्नातील घातक घटकांचा विचार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने 2003 मध्ये गर्भाचे रक्षण डोळ्यांसमोर ठेवून मर्यादा घातली: शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला 1.6 मायक्रोग्रॅम (एक मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग). 55 किलो वजनाच्या स्त्रीसाठी ती 88 मायक्रोग्रॅम होते. एखाद्या माशात किलोमागे 0.05 मिलिग्रॅम मिथाइलमर्क्युरी असेल, तर तिने आठवड्याला पावणेदोन किलो मासे खाल्ले तरी मर्यादा ओलांडली जात नाही. किलोमागे 0.2 मिलिग्रॅम असेल तर 440 ग्रॅमला मर्यादा गाठली जाते. किलोमागे 1 मिलिग्रॅम असलेल्या मोठ्या शार्कचे 88 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन तुकडे, पुरेसे होतात. शार्कसाठी 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारात ठरवलेली कमाल पातळी किलोमागे 1.6 मिलिग्रॅम आहे, यावरून हे उदाहरण अतिशयोक्तीचे नाही हे कळेल. 15 किलोच्या मुलासाठी आठवड्याची मर्यादा अवघी 24 मायक्रोग्रॅम येते. म्हणून मुलाच्या ताटात वाढताना मोठ्यांच्या मापाने वाढू नये.

मासा शिजवून, तळून, मिठाच्या पाण्यात ठेवून किंवा चरबी काढून पारा निघत नाही. तो स्नायूंतल्या प्रथिनांना घट्ट बांधलेला असतो. तळताना पाणी उडून जाते, त्यामुळे शंभर ग्रॅम तळलेल्या तुकडीत तो किंचित जास्तच भरतो. म्हणून निवड बाजारातच करायची असते, चुलीवर नाही.

आणि मासे सोडू नका, हे मी मुद्दाम सांगते. गर्भाच्या मेंदूला लागणारे स्निग्ध पदार्थ माशातून मिळतात. उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर पायलट व्हेलचे मांस खाणाऱ्या मातांच्या मुलांत स्मरणशक्ती आणि भाषेवर परिणाम आढळला, पण हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर भरपूर समुद्री मासे खाणाऱ्या मातांच्या मुलांत तसे ठळक नुकसान दिसले नाही. मी स्वतः आठवड्याला दोन-तीन वेळा मासे खाते.

सातवी पायरी: तपासणी कधी आणि कोणती

ज्याला लक्षणे नाहीत आणि जो मोठे शिकारी मासे रोज खात नाही, त्याला तपासणीची गरज बहुधा नसते. गरज वाटली तर फिजिशियन किंवा मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून रक्तातला पारा तपासावा. केसांतूनही चांगला अंदाज येतो, कारण रक्तातल्या प्रमाणाच्या सुमारे 250 पट पारा केसात साठतो आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. टाळूजवळचे सहा सेंटिमीटर म्हणजे मागच्या सहा महिन्यांची नोंद. केसांचा अहवाल किलोमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असल्यास सहसा चिंता नसते. लघवीच्या तपासणीवर विसंबू नये. ती वाफेतल्या आणि क्षारांतल्या पाऱ्यासाठी उपयोगी असते, माशातल्या मिथाइलमर्क्युरीसाठी नाही. ‘डिटॉक्स’च्या नावाने गोळ्या देऊन लगेच लघवी तपासणारे जे अहवाल देतात, ते वाढीव येणारच असतात. त्यावर पैसे घालवू नयेत.

आठवी पायरी: घरातला पारा खाडीत जाऊ देऊ नका

काचेचा थर्मामीटर फुटला, तर मुलांना बाजूला करा, खिडक्या उघडा आणि अंगठ्या-बांगड्या आधी काढून ठेवा, कारण पारा सोन्याला चिकटतो आणि दागिना खराब होतो. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. त्याने थेंब फुटून वाफ वाढते. दोन जाड कागदांनी थेंब एकत्र करा, उरलेले चिकटपट्टीने उचला, सगळे झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा. ती बाटली बेसिनमध्ये रिकामी करू नका आणि ओल्या कचऱ्यात टाकू नका. घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी ठेवून महापालिकेच्या कचरा संकलनाकडे द्या. सीएफएल दिव्यात पारा फार थोडा, पाच मिलिग्रॅमपर्यंत असतो, परंतु फुटके दिवे पोत्यात भरून नाल्याकाठी टाकण्याची सवय सोसायट्यांनी सोडायला हवी.

शेवटची पायरी: तक्रार करताना गाळ मागा

नाल्यातून रंगीत किंवा उग्र वासाचे पाणी खाडीत जाताना दिसले, तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करता येते. तारीख, वेळ, भरती होती की ओहोटी आणि नाल्याची नेमकी जागा लिहा, छायाचित्र जोडा. माझ्या एका जुन्या तक्रारीनंतर नमुना घ्यायला माणसे आली ती तीन आठवड्यांनी, आणि त्यांनी घेतले ते फक्त पाणी. अहवाल अर्थातच स्वच्छ आला. पारा पाण्यात फार वेळ थांबत नाही, तो कणांना चिकटून तळाशी बसतो. पुढच्या तक्रारीत मी स्पष्ट लिहिले की नाल्याच्या मुखाशी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गाळाचा नमुना घ्यावा, त्यात एकूण पारा मोजावा आणि मोजलेला आकडा अहवालात द्यावा. तुमच्या अर्जात हे एक वाक्य जसेच्या तसे घालता येईल.